बानाबाईच्या मेंढरांचा आकडा

पडेगावच्या बानाबाईला "मेंढरं किती?" असं विचारायची सोय नव्हती. विचारणारा पाहुणा असला तर ती चाती फिरवत, लोकर कातत म्हणायची, "हायेत, खंडोबाच्या दयेनं." आणि गावातलाच असला तर चाती थांबवून म्हणायची, "मी तुझ्या दाढा मोजल्या का रे?" मग विचारणारा आपला गुपचूप वाटेला लागायचा.

आता गंमत बघा. जिच्या तोंडून तिच्या सख्ख्या दिरानं कधी आकडा ऐकला नाही, तिचा आकडा न्यायला माणूस आला थेट केनियाहून, विमानानं!

त्याचं नाव डॉक्टर किपरोनो. उंच, सडपातळ, हसला की सगळे दात दिसायचे. दहा वर्षांपूर्वी त्यानं इथंच, औरंगाबादेत एम.एस्सी. केली होती. त्या काळी आफ्रिकेतली बरीच पोरं आपल्याकडं शिकायला यायची, शहरात खोल्या करून राहायची. खोलीमालकाच्या लेकरांबरोबर पतंग उडवता उडवता हा बाबा दखनी हिंदी बोलायला शिकला. पुढं नैरोबीला नोकरीला लागला, गवताचा शास्त्रज्ञ झाला आणि पंच्याऐंशी साली परत आला. तिकडची संस्था आणि इकडचं विद्यापीठ मिळून एकच प्रयोग दोन टेकड्यांवर करणार होते. एक टेकडी त्याच्या स्वतःच्या मुलखातली, जिथं त्याची आई गाई राखायची. दुसरी पडेगावच्या मागची मल्हारटेकडी, जिथं बानाबाई मेंढरं राखायची.

प्रश्न सरळ होता. जनावरं चरल्यानं गवत मरतं, की जगतं?

प्रश्न सरळ, पण टांगती तलवार होती. वाळूजकडं कारखान्यांची शेडं भराभर उभी राहत होती. रोज नवा भोंगा, रोज नवी भिंत. मेंढरं बसायची ती रानं एकेक करून तारेच्या आत गेली. त्यात कुणाच्या तरी डोक्यात आलं की वाढत्या शहराला हिरवा पट्टा पाहिजे, तर मल्हारटेकडीला कुंपण घालून झाडं लावा आणि मेंढरं हाकलून द्या. मेंढरं गवताचा सत्यानाश करतात, असं त्या कागदात लिहिलेलं होतं. ज्यानं लिहिलं त्यानं मेंढरू फक्त ताटात पाहिलेलं असणार! सरकारनं एक समिती नेमली आणि समिती म्हणाली, विद्यापीठाचा प्रयोग होऊ द्या, मग बघू. म्हणजे बानाबाईची टेकडी राहते की जाते, ते त्या प्रयोगावर होतं. बानाबाईला दुसरी टेकडी नव्हती.

अर्ध्या टेकडीला काटेरी तार घातली, अर्धी मेंढरांना मोकळी ठेवली. दर रविवारी विद्यापीठातून सायकल मारत कडुबा दाभाडे यायचा. फुलंब्रीकडचा पोरगा, त्याच्या वस्तीतला पहिला एम.एस्सी., आता पीएच.डी. करत होता. लोखंडी चौकट गवतावर टाकायची, चौकटीतलं गवत कापायचं, पिशवीत भरायचं, वाळवून तोलायचं. पवन्या किती, मारवेल किती, शेडा किती, सगळं वहीत. आणि शेवटच्या रकान्यात, ह्या आठवड्यात टेकडीवर मेंढरं किती. किपरोनो सहा महिने राहून, तारेची आणि चौकटीची सगळी मांडणी करून परत गेला, तेव्हा ही कोरी वही त्यानं कडुबाच्या हातात दिली. प्रयोग पार पडला की पुढची पाळी कडुबाची होती. त्यानं वर्षभर नैरोबीला जायचं, तिकडच्या टेकडीवर काम करायचं. फुलंब्रीकडच्या त्या वस्तीतून मुंबईलासुद्धा कुणी धड गेलेलं नव्हतं, आणि हा समुद्र ओलांडणार होता!

पहिल्याच रविवारी कडुबा बोट पुढं करून मोजायला लागला, "एक, दोन, तीन…"

"ए मुडद्या!" बानाबाई टेकडीवरून धावतच खाली आली आणि पदराचा फटका त्याच्या हातावर हाणला. "बोट मोडून हातात दील! जितराबावर बोट रोखतं व्हय कुणी?"

"आजी, वहीत लिवावं लागतं. सायबाची वही हाय."

"मंग लिव की. साठ लिव."

"साठच?"

"साठेक. लिव गुमान, आन् भाकर खा."

त्यानं साठ लिहिलं. पुढच्या रविवारी विचारलं, तर "तेच की." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. पोरगं गवतात एवढं हुशार की नुसती काडी चावून जात सांगायचं, पण त्याच्या घरी कधी शेळीसुद्धा नव्हती. मेंढरं ओघळीत, कपारीत पांगलेली असायची आणि त्याची मान चौकटीत. शिवाय फटका लक्षात होता. अठरा महिने त्यानं दर रविवारी साठ लिहिलं.

शहाऐंशीच्या थंडीत किपरोनो परत आला. समितीची बैठक चार दिवसांवर होती. आल्या आल्या पिशवी खोलीवर टाकली आणि गडी थेट टेकडीवर. तारेच्या आतली बाजू बघितली आणि डोळेच विस्फारले. आत जुनं गवत वाळून, कुजून, खालच्या कोंबांना दाबून बसलं होतं. मध्ये मध्ये घाणेरी माजली होती, गाजरगवत कमरेएवढं झालं होतं. आणि बाहेर, मेंढरांच्या बाजूला, मारवेल कशी दाट! पवन्या पिवळाधमक! लेंड्यांचं खत पडलेलं, खुरांनी बी दाबलेलं. किपरोनो लहान पोरासारखा गवतात लोळलाच.

"अम्मा! देखे क्या ये? अपन जीत गए!"

"मी कवाच सांगितलं व्हतं तुला," बानाबाई म्हणाली, पण तिलाही हसू आवरेना. "मेंढरू चरतं तसं गवत हासतं."

मग त्यानं कडुबाची वही उघडली आणि शेवटच्या रकान्यावरून बोट फिरवत गेला. साठ, साठ, साठ. मान वर करून कळपाकडं बघितलं. परत वही, परत कळप. गाई राखणारीच्या पोटचा पोरगा तो, त्याला फसवता येतंय का?

"अम्मा," तो हळूच म्हणाला, "ये साठ नहीं है. मेरेकू हौला समझे क्या, पागल?"

 बानाबाईनं चाती सुरू केली, थांबवली. आणि मग जे तिनं चौदा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्या परक्या मुलखातल्या माणसाला सांगितलं. बहात्तरचा दुष्काळ. चाऱ्याची कार्डं द्यायला माणसं आली, म्हणाली, जितराबं किती ते बोला. तिचा नवरा सोनाजी छाती पुढं काढून म्हणाला, एकशे चाळीस! भर चावडीवर, मोठ्यानं. महिन्याच्या आत मेंढरांत देवीची साथ आली आणि निम्मा कळप गेला. पावसाळ्याच्या तोंडाला सोनाजीही तापानं गेला. सासू म्हणाली, आकडा बोलला म्हणून दृष्ट लागली. बानाबाईनं ते मनात घट्ट धरलं. "मी त्याच्यावर लई रागावून ऱ्हायले रे," ती म्हणाली. "मेल्यावर बी."

किपरोनोनं मान हलवत वही मिटली. मग खो खो हसायलाच लागला. बानाबाईला राग आला. "दात काय काढतो?"

"अम्मा, मेरी माँ भी नहीं बोलती! हमारे में भी गाई का गिनती नहीं बोलते. वो बोलती, 'थोड़े हैं.' उधर के रजिस्टर में मैं क्या लिखा मालूम? बारा. हर हफ्ता बारा!"

म्हणजे बघा, दोन देशांचे दोन शास्त्रीय प्रयोग, मध्ये अख्खा समुद्र, आणि दोन म्हाताऱ्यांनी दोन्हीकडच्या वह्या सारख्याच पद्धतीनं धुऊन काढल्या होत्या! बानाबाईनं कपाळावर हात मारला आणि मग तीही हसत सुटली. दोघं इतकी हसली की मेंढरं माना वर करून बघायला लागली.

पण हसून भागणार नव्हतं. किपरोनोनं तिला नीट समजावलं. समितीनं टेकडी मोकळी ठेवली तरी ती वहीतल्या आकड्याएवढ्याच मेंढरांना ठेवणार. साठ लिहिलंय, तर साठ. वरची सगळी बाहेर. आणि वही खोटी आहे हे तो लपवणार नव्हता, इथलीही नाही आणि स्वतःची तिकडचीही नाही. खोट्या वहीवर विज्ञान उभं राहत नाही, असं तो म्हणाला. त्यानं खरं सांगितलं की प्रयोगच रद्द, मग कुंपण. कडुबाचं नैरोबीही गेलं.

"बोलना कि नहीं, तू देख," तो म्हणाला. "मैं जबरदस्ती नै करता."

दीर मल्हारराव खांद्यावर घोंगडी टाकून सगळं ऐकत होता. त्यानं एकच वाक्य टाकलं. "वहिनी, आकडा बोललीस तर माझ्या वाट्याची मेंढरं घेऊन मी सोयगावला चाललो. परत दादासारखं व्हायचं नाय."

कडुबाला विचारावं म्हटलं तर कडुबाच गायब. सोमवारी विद्यापीठाच्या नामांतरासाठी जेलभरो झाला, त्यात तो हर्सूलच्या जेलात जाऊन बसला होता. ह्या पोराचं एक होतं. सगळे नुसतं "विद्यापीठ" म्हणायचे, हा पहिल्या दिवसापासून "बाबासाहेबांचं विद्यापीठ" म्हणायचा. मास्तर डोळे वटारोत, नाही तर हॉटेलातला मालक चहा द्यायचं टाळो, तो ते नाव गाळायचा नाही. अठ्ठ्याहत्तरला त्याच नावावरून गावोगाव घरं पेटली, त्यात त्याच्या मामाचं घर गेलं होतं. त्यानंतर तर तो ते नाव जास्तच ठणकावून घ्यायचा.

बैठक विद्यापीठात होती, सकाळी अकराला. बानाबाई ठेवणीतलं लुगडं नेसली, कुंकवाविना मोकळ्या कपाळाला भंडारा लावला आणि डोंगरकडेनं चालत गेली. मल्हारराव येणार नाही म्हणाला आणि वीस पावलं मागं चालत आला. लांब टेबल, पंखा, पाण्याचे ग्लास. अध्यक्ष नानासाहेब, पिकल्या मिशांचे, कन्नड तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरातले. कागद वाचताना ते चष्म्यावरून माणसाकडं असं बघायचे की माणसाला आपलीच चूक आठवावी.

किपरोनोनं गवताच्या पिशव्या मांडल्या. आतलं गवत, बाहेरचं गवत. समितीतले लोक पुढं वाकून बघू लागले, कुणी काडी तोंडात धरली. सगळं छान चाललं होतं. मग नानासाहेबांनी वही उघडली.

"साठ," ते म्हणाले. पान उलटलं. "साठ." दहा-बारा पानं उलटली. "डॉक्टर, आमच्या वडिलांनी शेतात मेंढरं बसवून खत घेतलं. मी लहानपणापासून कळप बघितलेत. अठरा महिन्यांत एक मेंढी व्याली नाही? एक मेली नाही? विकली नाही?"

खोलीत हशा पिकला. किपरोनो उभा राहिला आणि त्यानं सांगितलं, की आकडा बरोबर नाही. सबब सांगितली नाही, कुणावर ढकललं नाही.

नानासाहेबांनी वही मिटली. "मग गवताचं वजन करून उपयोग काय? किती जनावरांनी चरल्यावर हे गवत राहिलं, तेच माहीत नसेल तर प्रयोग निकालात निघाला." त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "वही लिहिणारा विद्यार्थी कुठाय?"

"जेलात आहे, साहेब," कुणीतरी म्हणालं. "नामांतरात."

"एका नावासाठी?"

"हो साहेब. एका नावासाठी."

बानाबाई भिंतीशी उकिडवी बसली होती. ते शब्द तिच्या कानात गेले. अरे, चोवीस-पंचवीस वर्षांचं पोर एक नाव मोठ्यानं घेतं म्हणून कोठडीत जाऊन बसलंय, आणि मी पन्नाशीची घोडी, एक आकडा घ्यायला भिते? ती उठली.  दारातून मल्हारराव डोळ्यांनी नको नको म्हणत होता.

"सायब," ती म्हणाली, "आज टेकडीवर ब्याण्णव हायेत."

म्हटलं खरं, आणि तिनं डोळे गच्च मिटून घेतले. काही झालं नाही. पंखा फिरत राहिला.

"बाई, आजचा आकडा घेऊन काय करू?" नानासाहेब म्हणाले, पण आवाज मऊ झाला होता. "अठरा महिन्यांचा पाहिजे."

"मंग लिवा की!" बानाबाई डोळे उघडून म्हणाली, आणि एकदम तिला चेवच आला. "पयल्या जेष्ठात, चौकट टाकली तवा, एकाहत्तर. राखीच्या आठवड्यात ठिपकीनं आन् काळीनं कोकरं दिली, त्र्याहत्तर. दसऱ्याला एक देवाला गेला, बहात्तर. दिवाळीत बारा व्याल्या, चौऱ्याऐंशी. लांडग्यानं संक्रांतीच्या आदल्या बेस्तरवारी दोन नेली, ब्याऐंशी…"

किपरोनोची पेन्सिल कागदावर नुसती पळत होती. मध्येच मोडली, तर शेजारच्या साहेबानं आपला पेन त्याच्या हातात कोंबला. चौदा वर्षं जिनं एक आकडा तोंडातून काढला नाही, ती आता थांबायला तयार नव्हती. कोणती कधी व्याली, कोणती लंगडली, कुणाला विकली, सगळं आठवडावारी. तिनं बोट रोखून मोजलं नव्हतंच कधी, हिशेब मनातच चालायचा. तिला प्रत्येक मेंढरू माणसासारखं ओळखू यायचं आणि एक कमी झालं तरी घर रिकामं वाटायचं. "…होळीला सहा वाढली, अठ्ठ्याऐंशी. वैशाखात बी अठ्ठ्याऐंशीच."

"थांबा," नानासाहेब म्हणाले. त्यांनी शेजारी बसलेल्या जनावरांच्या डॉक्टरांकडं, बद्रीनाथरावांकडं बघितलं. "वैशाखात तुम्ही पडेगावला लस टोचली होती ना? फाइल आणा."

आता सरकारी कपाटातला एक कागद दुसऱ्या कपाटातल्या कागदाला कधी भेटलाय? पण त्या दिवशी भेटला. बद्रीनाथरावांनी फाइल आणवली, पान काढलं, चष्मा पुसला. सगळी खोली त्या पानावर वाकली.

"बानाबाई सोनाजी. पडेगाव," ते वाचू लागले. "मेंढ्या… अठ्ठ्याऐंशी."

काय सांगू, टाळ्याच पडल्या! समितीच्या बैठकीत कुणी टाळ्या वाजवतं का? पण वाजल्या. किपरोनो टेबलाला वळसा घालून आला आणि बानाबाईच्या पायाशी वाकला. लस टोचताना ही बाई तोंड फिरवून उभी होती, रिकाम्या बाटल्या मोजतात ते दिसू नये म्हणून. ते आठवून ती आता पदर तोंडाला लावून हसत होती.

"म्हणजे डॉक्टर," नानासाहेब म्हणाले, "साठ नव्हे, ब्याण्णव मेंढरांनी चरूनही गवत एवढं?"

"हौ सर! और भी अच्छा!"

"बाई, एवढं सगळं ध्यानात राहतं. मागचंही आठवत असेल?"

"मागचं बी?" बानाबाईचं हसू थांबलं.  "बहात्तरला एकशे चाळीस व्हती. माझ्या मालकानं चावडीवर खरा आकडा सांगितला व्हता." मग तिनं दाराकडं वळून मल्हाररावाकडं बघितलं. "तुमच्या दादाचं काही चुकलं नव्हतं, भावजी. साथच आली व्हती."

मल्हाररावानं घोंगडीच्या टोकानं डोळे पुसले. सोयगावचा विषय त्यानं परत काढला नाही.

टेकडी मोकळी राहिली. शंभर मेंढरांपर्यंत, असा शिक्क्याचा कागद झाला. आठवडाभरानं कडुबा सुटला तो घसा बसलेला, दाढी वाढलेली, आणि आधी टेकडीवरच आला. बानाबाईनं त्याला बसवून नवी वही दाखवली. "लेका, दीड वर्स काय लिवत व्हतास रे? तुला मेंढी व्याते ते बी कळंना?" तो ओशाळून हसला आणि मग भाकरी मागून घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात कडुबा नैरोबीला गेला. त्याला निरोप द्यायला बानाबाई चिकलठाण्याच्या विमानतळापर्यंत गेली, आयुष्यात पहिल्यांदा. जाताना तिनं त्याच्या कानात निरोप दिला. "त्या किपाच्या आईला माझ्या मेंढरांचा आकडा सांग. खरा. दुसऱ्या कुणापुढं नाय, तिलाच. आन् म्हणावं, बाई, पटलं तर तुझा बी सांग. मी बोलले, मला काय बी झालं नाय."

पत्र श्रावणात आलं. वर हरणाच्या चित्राचं तिकीट. बानाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून पोस्टमन अप्पारावच ओट्यावर बसून वाचायला लागला. आजूबाजूला निम्मं पडेगाव जमलं. कडुबानं लिहिलं होतं, आजी, इथं थंडी आहे, गवत वेगळं आहे पण चव मारवेलीसारखी लागते. इथं सगळे मला विचारतात, तुमच्या विद्यापीठाचं नाव काय, आणि मी सांगतो, मोठ्यानं. किपरोनो सरांच्या आईला तुमचा आकडा सांगितला. ती खूप वेळ माझा हात धरून बसली. मग मला गाईंच्या मागं घेऊन गेली, कुणी ऐकत नाही ना ते बघितलं, आणि तिनं आपला आकडा सांगितला. वहीत तो लिहायला तिची परवानगी आहे. पण तुम्हाला मात्र तिनं तो स्वतःहून पाठवलाय, बहिणीला म्हणून. तिच्याकडं गाई आहेत…

"थांब!" बानाबाई ओरडली. अप्पारावाच्या हातातून तिनं पत्र ओढूनच घेतलं.

"अगं, वाचू तर दे! पुढंच आकडा आहे."

"तो तिनं मला सांगितलाय," बानाबाई म्हणाली. "तुला नाय, गावाला नाय." तिनं पत्राची घडी केली, बारीक केली आणि चोळीत खोवली. डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू होतं.

"पण तुला वाचता येत नाही की! मग तुला कळणार कसा?"

"कळायचं काय त्यात?" ती मेंढरांची काठी उचलत म्हणाली. "ती बोलली ना!"